दुसऱ्या वर्षापासून

माझा नवरा एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. त्यामुळे आमच्या घरात साधी बादली आणायची झाली तरी तीन ठिकाणचे दर मागवले जातात. तीन दर, त्यांचा तक्ता, तक्त्याखाली त्याचा शेरा, आणि मग बादली. लग्न झालं तेव्हा मला याची गंमत वाटायची. पुढे पुढे राग यायला लागला. आता गंमत वाटायला आणि रागवायलाही अंगात त्राण लागतं, ते नाही. तो तक्ता करतो, मी हं म्हणते.

त्यामुळे घरबसल्या करता येईल आणि खिशाला झेपेल अशी एखाद्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी शोधायची आहे असं मी सांगितलं, तेव्हा तो काय म्हणणार हे मला आधीच माहीत होतं.

"तीन कोटेशनं मागवू," तो म्हणाला.

पीएचडीची मला काही फार हौस होती अशातला भाग नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि एका रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात शिकवते. गेल्या सत्रात आमच्या प्राचार्यबाईंनी सगळ्यांना बोलावलं, चहा दिला, आणि चहा निम्मा संपल्यावर सांगितलं की पुढच्या वर्षापासून ज्यांची पीएचडी नाही, किंवा निदान कुठे नोंदणी झालेली नाही, त्यांना वर्गावर पाठवता येणार नाही. नियम वरून आलाय, त्यांचेही हात बांधलेले आहेत, वगैरे. नोकरी जाणार नव्हती. पण शिकवणं सुटणार आणि परत पूर्णवेळ वॉर्डात, म्हणजे दिवसभर लोकांना उठवणं, बसवणं, धरून चालवणं. ते काम मी वर्षानुवर्षं केलंय आणि त्यात कमीपणा काही नाही. पण माझे खांदे आता कुरकुरायला लागलेत. आणि खरं सांगायचं तर वर्ग ही माझ्या दिवसातली एकच जागा आहे जिथे मी बोलते आणि समोरची माणसं ते लिहून घेतात. घरी मी बोललेलं कुणी ऐकूनही घेत नाही. तो वर्ग मला सोडायचा नव्हता.

विनोद असा की सगळं जग मला डॉक्टरच म्हणतं. पेशंट म्हणतात, शेजारी म्हणतात, इस्त्रीवाला म्हणतो. उद्या खरोखरची डॉक्टर झाले तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

जवळपासच्या विद्यापीठांत चौकशी करून झाली होती. एक तर रोजची हजेरी हवी, नाहीतर गाईड मिळायलाच माणसं ताटकळत बसलेली. रोजची हजेरी मला शक्य नव्हती, कारण घरी बाबा होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य त्यांनी बंदरावरच्या एका कचेरीत परदेशी जहाजांच्या मालाची कागदपत्रं करण्यात घालवलं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांचे शब्द एकेक करून येतात. पण येतात, आणि आले की लागतात. माणूस अंगाने भरभक्कम आहे. सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांना उठवते, धुते, पुसते, खुर्चीत बसवते. दुपारी कॉलेजातून धावत येऊन परत पलंगावर घेते. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. नवऱ्याची कंबर गेलेली आहे. एकदा मला उशीर झाला म्हणून त्याने एकट्याने बाबांना खुर्चीत घ्यायचं धाडस केलं. मी आले तेव्हा बापलेक दोघेही फरशीवर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते.

एक माणूस कामाला ठेवून पाहिला होता. भला होता बिचारा, पण बाबांशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. बाबांनी त्याला आठवडाभरात जायला सांगितलं. झटक्यानंतर न अडखळता आलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

आणि मी फिजिओथेरपिस्ट असूनही माझ्याच घरात हा माणूस व्यायाम करत नाही. हॉस्पिटलात असताना करायचे, नर्सबाईंची शाबासकीसुद्धा मिळवायचे. घरी आले आणि बंद. मी हात जोडले, ओरडले, एकदा रडलेसुद्धा. "करून... कुठे जायचंय?" एवढंच विचारतात. आता यावर मी काय बोलणार? मीसुद्धा कुठे जात नव्हते.

तर कोटेशनं. बाबांच्या खोलीतच इंटरनेट धड चालतं, म्हणून नवरा तिथल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला आणि त्याने तीन विद्यापीठांना एकच इंग्रजी पत्र लिहिलं. आमच्या कारखान्याला नटबोल्ट हवेत त्याच थाटात: खालील सेवेसाठी आपला कमीत कमी दर, पोहोच देण्याची मुदत आणि अटी कृपया कळवाव्यात, नमुना असल्यास कृपया सोबत जोडावा. लिहून झाल्यावर तो ते मोठ्याने वाचू लागला. बाबा डोळे मिटून पडले होते.

"दोनदा... कृपया... नको," ते डोळे न उघडता म्हणाले. "लाचार... वाटतं."

नवऱ्याने एक कृपया काढून टाकलं. मी त्याला म्हटलं, अरे, पोहोच देण्याची मुदत काय, पीएचडी आहे ती, कपाट नाही. तो म्हणाला, "मुदत ठरवून न घेता कधी काही मागवायचं नाही. मुदत नसली की माणूस लटकतो." त्याला मी कितीही नावं ठेवली तरी हे त्याचं वाक्य मला तेव्हा पटलं होतं.

पहिलं उत्तर तासाभरात आलं, पाठोपाठ फोनही. तिकडचा माणूस फारच गोड बोलत होता. आजच पैसे भरले तर मोठी सवलत. घरातल्या आणखी कुणाला पीएचडी हवी असेल तर त्याची निम्म्या दरात. विषय कोणताही चालेल.

"आणि प्रबंध?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही फक्त विषय सांगा, बाकीचं आम्ही बघून घेऊ."

"बाकीचं म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच."

नवऱ्याने नमुना मागितला. नमुना आलाच नाही, फोन मात्र रोज यायला लागले. त्याने तक्त्यात त्यांच्या नावापुढे शेरा लिहिला, 'माल नाही, फक्त पावती आहे.' खोटं कशाला बोलू, एका दुपारी बाबांना उचलून पलंगावर घेतल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि माझ्या मनात आलं, पावती तर पावती. प्राचार्यबाईंना तरी काय हवंय? पण दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं माझ्याकडे बघत पेनं उघडून बसली आणि मला त्या विचाराची लाज वाटली.

दुसऱ्या विद्यापीठाचं उत्तर म्हणजे शुल्काचं पत्रक. मोठं, जुनं, नावाजलेलं विद्यापीठ. नवऱ्याने तो आकडा वाचला, परत वाचला आणि लॅपटॉप आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसा हळूच मिटला. तक्त्यात त्या रकान्यात त्याने नुसती आडवी रेघ मारली.

तिसऱ्या ठिकाणाहून काही दिवस काहीच आलं नाही, आणि मग एका प्रोफेसरने स्वतः लिहिलं. दराच्या चौकशीबद्दल आभार, आमचं शुल्क सर्वांना सारखंच असतं, त्याची माहिती सोबत आहे. मात्र पुढचं पत्र अर्जदारबाईंनी स्वतः लिहिलं तर मला आनंद होईल. त्यांना काय शोधायचं आहे ते मला समजून घ्यायचं आहे.

नवरा पेन घेऊन माझ्याकडे वळला. "तुला काय शोधायचंय गं?"

इतके दिवस आम्ही दर बघत होतो, मुदत बघत होतो, कोणत्या देशाचा शिक्का चालतो आणि कोणत्या देशाचा नाही ते बघत होतो. हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. मी म्हटलं, "उद्या सांगते." पण उद्याची गरज नव्हती. माणसं हॉस्पिटलात नेमाने व्यायाम करतात आणि घरी गेली की सोडून देतात, ती का सोडतात, हे मला शोधायचं होतं. किती वर्षं माझ्या डोक्यात ते घोळत होतं कोण जाणे. त्याला विषय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी प्रोफेसरला तेवढंच लिहिलं, साध्या वाक्यांत. उत्तर लगेच आलं, आपण बोलू या.

दर तर तिथला इतका कमी की नवऱ्याला शंकाच आली. सगळ्यात स्वस्त असेल ते घ्यायचं नाही असा काही त्याचा नियम नाही. पण स्वस्त का आहे ते कळल्याशिवाय घ्यायचं नाही, हा आहे. त्याने खोदून खोदून माहिती काढली. एका थंड, आडबाजूच्या गावातलं सरकारी विद्यापीठ, आणि बाहेरून शिकणाऱ्यांना वसतिगृह नाही की प्रयोगशाळा नाही, म्हणून शुल्कही जेमतेम. शिक्का चालतो, हे प्राचार्यबाईंनी मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत पाहून सांगितलं. तिथले प्रबंधसुद्धा कुणालाही वाचायला खुले होते. नवऱ्याने नमुन्यादाखल एक उतरवून घेतला, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांवरचा, आणि चार दिवस जेवताना वाचला. एकदा वाचता वाचता टेबलावरच डोकं ठेवून झोपला. "माल जड आहे," तो दुसऱ्या दिवशी आदराने म्हणाला.

घोडं अडलं ते अटींपाशी. दरवर्षी दोन आठवडे तिथे जाऊन राहायचं. इतर संशोधकांसमोर आपलं काम मांडायचं, प्रश्न झेलायचे. त्यातून सुटका नाही.

दोन आठवडे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. नवरा तक्त्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "पहिल्या वर्षी सूट मागू. दुसऱ्या वर्षापासून काही अडचण नाही."

मी हं म्हटलं.

हे काय होतं ते सांगायला हवं. त्याच्या आधी थोडे दिवस बाबांना तपासणीला नेलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, वर्षभराच्या पुढचं काही मी सांगू शकत नाही. आम्ही मान हलवली. बाबांना खुर्चीतून गाडीत बसवलं, घरी आणलं, जेवू घातलं. त्यावर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. बोललो नाही आणि तरी ते आमच्या हिशेबात येऊन बसलं. नवऱ्याने तक्त्यात अटींच्या रकान्यात लिहिलं, 'पहिले वर्ष सूट, दुसऱ्या वर्षापासून शक्य.' त्याचा आवाज त्या वेळी जड झाला होता का? नाही. मला ते खटकलं का? तेही नाही. दमलेल्या माणसाला पुढची सपाट जागा दिसली की तो तिथे पाठ टेकायचा विचार करतो. ती जागा कशाने सपाट होणार आहे हे तो बघत नाही. नंतर आम्ही ते सर्रास म्हणू लागलो. दुसऱ्या वर्षापासून जमेल. दुसऱ्या वर्षापासून बघू.

मुलाखत दुपारची ठरली. तिकडे सकाळ. मी बाबांना जेवण भरवून पलंगावर घेतलं, भिंतीकडे तोंड करून नीट निजवलं, आणि त्यांच्याच खोलीतल्या टेबलाशी बसले. त्यांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन लावले. त्यांचा श्वास संथ चालला होता. झोपलेत असं मी धरून चालले.

प्रोफेसर वयस्कर होते, गळ्याभोवती लोकरी मफलर, मागे भिंतभर पुस्तकं. त्यांनी मला विषयाबद्दल विचारलं आणि मी बोलत सुटले. माझं इंग्रजी काही सफाईदार नाही, पण त्या दिवशी अडलं नाही. मी सांगितलं की आम्ही पेशंटला कागदावर व्यायामाची चित्रं काढून देतो, किती वेळा करायचे ते लिहून देतो, आणि तो माणूस बरा होऊन काय करणार आहे हे कुणीच विचारत नाही. ते ऐकत होते, मधूनच लिहून घेत होते. कुणीतरी मोठं माणूस माझं बोलणं लिहून घेतंय हे बघून मला भरून आलं. मी सावरून बसले.

मग ते म्हणाले, "आता थोडं व्यवहाराचं. वर्षातून दोन आठवडे इथे यावं लागतं. तुम्हाला जमेल ना?"

"घरी माझे सासरे आजारी आहेत," मी म्हटलं. "त्यांचं सगळं मीच बघते. त्यामुळे पहिल्या वर्षी येता येणार नाही. पण दुसऱ्या वर्षापासून काही अडचण राहणार नाही."

कानाला हेडफोन असले की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. मी ते ठणठणीत आवाजात सांगितलं, उत्साहाने.

पडद्यावरचे प्रोफेसर लिहिता लिहिता थांबले. मला वाटलं, इंटरनेट गेलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि फार हळू आवाजात म्हणाले, "हे ऐकून मला वाईट वाटलं."

मला कळेना, याला कशाचं वाईट वाटलं. मी हसून म्हणणार होते, त्यात वाईट काय, एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे. तोंड उघडलं आणि मग कळलं. मी काय बोलले ते मला एका परक्या माणसाच्या तोंडावर दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे ते काय बोलले आणि मी काय उत्तरं दिली ते धड आठवत नाही. आभार मानले असतील. हेडफोन काढले तर खोलीत पंख्याचा आवाज होता आणि श्वासाचा नव्हता. संथ श्वास झोपेतला असतो. जाग्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही.

परदेशी कप्तानांशी आयुष्यभर इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाबा?" मी म्हटलं.

"चहा... झाला का?" त्यांनी विचारलं.

मी चहा केला. त्यांनी प्यायला. नवरा संध्याकाळी घरी आल्यावर मी त्याला मुलाखत चांगली झाली एवढंच सांगितलं, आणि तो खूश झाला.

आठवड्याभरात पत्र आलं. माझी निवड झाली होती. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, त्याच्या हिशेबाने ही फार मोठी गोष्ट. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की पहिल्या वर्षीच्या हजेरीतून सूट हवी असल्यास कारण लेखी द्यावं, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा.

"उद्याच आणतो दाखला," नवरा म्हणाला. "डॉक्टरांना सांगतो, नेमकं लिहून द्या की साधारण किती..."

तो तिथेच थांबला. ओट्यावर हात ठेवून उभा राहिला. इतके दिवस जे आम्ही नुसतंच हिशेबात धरलं होतं ते आता सहीशिक्क्यानिशी मागायचं होतं. मी भांडी विसळत राहिले. खूप वेळाने तो म्हणाला, "तूच लिही काहीतरी." मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला झोडावंसंही वाटलं. ओझं उचलायची वेळ आली की त्याची कंबर नेहमीच गेलेली असते.

मी लिहायला बसले. 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं, खोडलं. 'अपरिहार्य' हा शब्द लिहिला, त्याच्याकडे बघवेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी पत्राची मुदत संपत होती.

सुट्टीचा दिवस होता तो. नवरा औषधं आणायला गेला होता. मी बाबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून त्यांची दाढी करत होते. हे काम मला आवडतं. त्यात उचलायचं काही नसतं. उजव्या गालाची कातडी ताणून धरावी लागते, कारण तिकडचा गाल आता स्वतःहून ताठ राहत नाही. मी एक पट्टा काढला, वस्तरा पाण्यात बुडवला.

"दुसऱ्या... वर्षापासून," बाबा म्हणाले.

माझा हात पाण्यातच राहिला.

"तसं... सांगितलंस ना... त्यांना?"

"बाबा, माझ्या तोंडून तसं..."

"चूक नाही... बोललीस." ते खिडकीबाहेर बघत होते. "फक्त... एक विचारतो. त्यांचं वर्ष... कधीपासून धरतात? जानेवारी... की सप्टेंबर?"

ते टोमणा मारत नव्हते, हेच वाईट होतं. जहाज कधी लागणार हे विचारावं तसं त्यांनी विचारलं. सगळी कागदपत्रं त्याआधी तयार ठेवायची असतात, म्हणून. मी वस्तरा खाली ठेवला आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. मला रडू आलं. खूप दिवसांचं होतं ते. लाज वाटत होती, फार दमले होते, आणि अजूनही एक गोष्ट होती जी मी कुणाजवळ कबूल केली नसती. एक दिवस हे सगळं संपेल या विचाराने मला बरं वाटत आलं होतं. कित्येक महिने वाटत आलं होतं.

बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही. तसले प्रकार त्यांना जमत नाहीत. ते थांबून राहिले.

"सप्टेंबर," मी शेवटी म्हटलं.

"हं." त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं. "मग तू... याच वर्षी जा."

"कशी जाऊ? तुम्हाला कोण बघणार?"

"माणूस ठेव... दोन आठवडे. मी... नीट वागेन." मग बराच वेळ शब्द येईनात. ओठ हलत राहिले. मी घाई केली नाही. "तू माझ्यासाठी... थांबलीस ना... तर मला... घाई करावी लागेल. मला... करायची नाहीये."

एवढं बोलून ते दमले आणि मान मागे टेकली. फेस गालावर वाळायला लागला होता. मी उठले, तोंड पुसलं, पाणी बदलून आणलं आणि राहिलेली दाढी पुरी केली. हनुवटीखाली वस्तरा जपून फिरवला, कुठे कापलं नाही. मग टेबलाशी बसून प्रोफेसरना लिहिलं की मला सूट नको, मी याच वर्षी येते. कारण लिहावं लागलं नाही. जाण्याची कारणं कुणी विचारत नाही.

तेवढ्यात नवरा औषधांची पिशवी घेऊन आला. लॅपटॉप उघडा दिसला तसा दारातूनच म्हणाला, "लिहिलंस? काय कारण दिलंस?"

"काही नाही. याच वर्षी जातेय."

"याच वर्षी?" त्याने पिशवी खाली ठेवली. तो गोंधळला होता. त्याचा सगळा तक्ता कोसळला होता. आवाज खाली आणून, बाबांकडे पाठ करून त्याने विचारलं, "अगं, पण मग बाबा?"

मी काही बोलायच्या आत खिडकीकडून उत्तर आलं, न अडखळता.

"बाबा आहेत."